माझं अनुमोदन आहे

आमच्या गावात मला लोक अनुमोदनताई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण पाठीमागचं बोलणं आमच्याकडे संध्याकाळपर्यंत पुढच्या दारानं घरी येतंच. हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मला राग आला नव्हता. उलट बरं वाटलं होतं. आता मात्र कुणी पारावर बसून ते उच्चारलं की मी पदर सारखा करते आणि पाय उचलून चालायला लागते.

ज्यांनी ग्रामपंचायतीची मासिक सभा पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. ठराव एकट्याच्या म्हणण्यानं होत नाही. एकानं तो मांडायचा, तो सूचक. दुसऱ्यानं त्याला पाठिंबा द्यायचा, तो अनुमोदक. ही दोन नावं लागली की बाकीचे मेंबर ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात आणि चहा येतो. कधी चहा आधी येतो, मग मंजूर आणखी लवकर होतं. आमच्याकडे रीतच पडून गेली होती की सूचक पुरुष मेंबर आणि अनुमोदक बाई. ग्रामसेवकांचं म्हणणं, वरून कुणी तपासायला आलं तर महिलांचा सहभाग दिसला पाहिजे. तो असा दिसायचा. आम्ही बाया भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायचो, जिथं पंख्याचं वारं पोचत नाही तिथं. विषय वाचून झाला की ग्रामसेवक चष्म्याच्या वरून आमच्या ओळीकडे बघायचे आणि विचारायचे, ‘ताई, अनुमोदन?’

बाकीच्या मेंबर बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. मी मात्र खणखणीत आवाजात सांगायची, ‘माझं अनुमोदन आहे.’ बारावी शिकलेली मी एकटीच होते त्यांच्यात. त्यामुळे हळूहळू सगळीच अनुमोदनं माझ्याकडे आली. दिवाबत्तीला माझं अनुमोदन, नालीच्या गाळाला माझं अनुमोदन, शाळेच्या पत्र्याला माझं अनुमोदन. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, जेवताना चेष्टा करायचे की घरात तरी एखाद्या वेळी सूचक होत जा. मी हसायची. नंदीबैल मान हलवतो ना, त्याला वाटत असणार की आपल्याला फार कळतं, तसं माझं झालं होतं.

मी मेंबर कशी झाले तेही सांगायला हवं, कारण त्यातही काही मोठी मर्दुमकी नाही. वॉर्ड महिलांसाठी राखीव सुटला. यांचं बी-बियाण्यांचं दुकान, गावात कुणाशी वाकडं नाही, आणि मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. चार जणांनी ठरवलं, ह्या वहिनी बऱ्या. माझ्याविरुद्ध कुणी अर्जच भरला नाही. मला तेव्हा वाटलं की माझ्या चांगुलपणाचा हा मान आहे. तो माझ्या गप्प बसण्याचा होता हे मला फार उशिरा कळलं.

आता माझ्या मायबद्दल. माझं माहेर डोंगराच्या अंगाला असलेलं मळ्याचं गाव आहे. विहिरीला गोड पाणी, त्यामुळे भाजीपाला बारा महिने. बाप गेल्यापासून भाऊ वावर पाहतो आणि माय बाजार पाहते. आमच्या, म्हणजे सासरच्या गावचा आठवडी बाजार मोठा भरतो. नांदुऱ्याहून, खामगावहून व्यापारी टेम्पो घेऊन येतात, आसपासच्या खेड्यांतल्या बाया काळीपिवळी जीपमधून टोपल्या आणतात. माझी माय त्यांतलीच एक. बसस्टँडच्या समोर एक निंबाचं झाड आहे, त्याच्या बुडाशी तिची जागा. मी परकरात होते तेव्हापासून तिथेच. मेथी, चवळी, अंबाडी, हिवाळ्यात काटेरी वांगी. बसमधून उतरलेला माणूस पहिल्यांदा तिच्याच टोपलीसमोर येतो.

माझं लग्नही त्या निंबाखालीच जुळलं. माझी सासू तिची नेहमीची गिऱ्हाईक. एका बाजाराला मी मायच्या शेजारी बसून मेथीच्या जुड्या बांधत होते, तर सासूनं भाजी घेता घेता विचारलं, ‘पोरीचं पाह्यता का कुठं?’ म्हणजे मी भाजीबरोबर पसंत पडलेली सून. सासू असेपर्यंत हे कौतुकानं सांगायची. मी मात्र लग्नानंतर ते फारसं कुणाला सांगितलं नाही. यांचं दुकान वाढलं, पोरं इंग्रजी शाळेत गेली, आणि बाजारात खाली बसलेली आपली माय मला जराशी अवघड वाटायला लागली. भाजी घ्यायला मी जायचीच, पण गर्दी ओसरल्यावर.

मेंबर झाले आणि मायनं माझी ती सोय काढून घेतली. मी लांबून दिसले की ती आख्ख्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, ‘सरका वो, मेंबर आली.’ शेजारच्या बाया हसायच्या, सरकायच्या, मला बसायला पोतं टाकायच्या. गिऱ्हाइकानं भावात घासाघीस केली की माय म्हणायची, मेंबरच्या मायपाशी खोटं माप नसते. मी कानकोंडी होऊन उभी राहायची. निघताना ती माझ्या पिशवीत मेथीवर मूठभर कोथिंबीर टाकायची. नको म्हटलं तरी टाकायची. भावाचं म्हणणं होतं की आता तिनं बाजार सोडावा, घरी नातवंडं सांभाळावीत. ती त्याला एकच उत्तर द्यायची. भाजी खपते तोवर मी जाईन, खपायची थांबली की तू म्हणशील तिथं बसीन. तिचं सगळं त्या निंबाखालच्या जागेवर उभं होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

त्या दिवशीची मासिक सभा पंधरा ऑगस्टच्या थोडी आधीची. झेंडावंदनाला आम्ही सगळ्या मेंबर बायांनी एका रंगाची साडी नेसायची असं ठरत होतं. माझ्या शेजारी बसणारी मेंबर, शिवणकाम करणारी, तिनं फोनवर खामगावच्या एका दुकानातल्या साड्यांचे फोटो मागवले होते. एक मोरपंखी, एक डाळिंबी. आम्ही दोघी त्या फोनवर वाकलो होतो. समोर ग्रामसेवक वाचत होते. आठवडी बाजाराच्या जागेत व्यापारी गाळे बांधणेकरिता बाहेरगावच्या भाजीपाला विक्रेत्यांचे पर्यायी ठिकाणी स्थलांतर करणेबाबत. असंच काहीसं. ते शब्द माझ्या कानावर पडले नाहीत असं मी म्हणणार नाही. पडले. पण विक्रेते म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर टेम्पोवाले आले, कांदे-बटाट्याचे कट्टे आले. आपली माय ‘विक्रेता’ असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

‘ताई, अनुमोदन?’

मी मोरपंखी साडीवरून मान वर केली आणि म्हटलं, ‘माझं अनुमोदन आहे.’ मंजूर, मंजूर झालं. चहा आला. साडी मोरपंखीच ठरली.

पुढं पोळा झाला, गणपती बसले नि उठले. मग एका बाजाराच्या आदल्या दिवशी घंटागाडीच्या भोंग्यावरून पुकारा झाला की बाहेरगावच्या भाजीवाल्यांनी उद्यापासून नाल्याच्या बाजूला बसावं. मी स्वयंपाक तसाच टाकून आठवायला लागले, कुठला ठराव, कधी झाला, कुणी मांडला. आठवलं. मांडला कुणी ते नीट आठवेना, पण अनुमोदन कुणाचं होतं ते लख्ख आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी गर्दी ओसरायची वाट पाहिली नाही, सकाळीच गेले. निंबाभोवती पत्रे ठोकले होते. बुंध्याशी माय जिथं पाठ टेकायची तिथं सिमेंटची पोती रचलेली. नाल्याची बाजू म्हणजे बाजाराच्या पार मागं, जिथं गावचं सांडपाणी वाहतं. तिथं ‘हागणदारीमुक्त गाव’ अशी पाटी आहे. ती पाटी त्याच जागी का लावावी लागली हे नाक असणाऱ्या कुणालाही कळतं. झाड नाही, आडोसा नाही. बाहेरगावच्या बाया उन्हात डोक्यावर पदर घेऊन ओळीनं बसल्या होत्या आणि टोपल्या भरलेल्या. बसमधून उतरलेला माणूस तिकडं कशाला जाईल?

मी मागून गेले, म्हणून मायनं मला पाहिलं नाही. बाया तिच्यावर तोंडसुख घेत होत्या. एक म्हणत होती, तुही पोरगी तिथं खुर्चीवर बसते, मंग हे काऊन झालं? माय जुड्यांवर पाणी शिंपडत होती. ती हात न थांबवता म्हणाली, ‘तिले मालूम नसन बाई. माही पोरगी असती तिथं, तर तिनं होऊच देलं नसतं.’

मी तिथल्या तिथं वळून निघून जाणार होते. खरंच पाऊल उचललं होतं. तेवढ्यात एकीनं पाहिलं आणि म्हणाली, घ्या, आलीच. मग मला पुढं जावं लागलं. माय उठली, पोतं झटकून टाकलं, मला बस म्हणाली. मला काही माहीत आहे का, असं तिनं विचारलंही नाही. फक्त सांगितलं, सरपंचाले बोल, ऊन लय लागते, भाजी कोमेजून राह्यली. मी म्हटलं, पाहते मी. त्या दोन शब्दांत मी तिला फसवलं. तिनं माझ्या पिशवीत मेथी घातली, वर कोथिंबीर टाकली. मी ती घेतली. घरी येऊन कोथिंबीर ओट्यावर ठेवली आणि त्या दिवशी ती चिरायला माझा हात धजेना. आयुष्यात लाज पुष्कळदा वाटते माणसाला, पण कोथिंबिरीची लाज वाटलेली मी एकटीच असेन.

यांना सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, मग केलं कोण, तूच नं. पुढं म्हणाले की झालं ते झालं, रोडच्या तोंडावरचा एखादा गाळा आपल्या दुकानाला भेटला तर भाड्याच्या जागेची कटकट जाईल. सरपंचभाऊंच्या कानावर मी घातलंय. खरं तेच लिहिते आहे, म्हणून हेही लिहिते. क्षणभर मलाही बरं वाटलं. दुकानाची नवी पाटी कुठं लागेल ते डोळ्यांसमोर आलं. ती पाटी निंबाच्या फांदीखाली लागत होती, तेव्हा मी भानावर आले.

सरपंचांकडे गेले. माणूस गोड. पाणी दिलं, चहा दिला. मी म्हटलं, भाऊ, त्या बायांना परत निंबाखाली बसू द्या, गाळे मागच्या अंगाला बांधा. ते हसून म्हणाले, ‘ताई, आता कसं जमन? अनुमोदन तुमचंच हाये.’ त्यात रागही नव्हता, टोमणाही नव्हता. मुलाला समजावून सांगावं तसं ते म्हणाले की तुम्हाला वाटत असेल तर ग्रामसभेत मांडा, लोकांनी साथ दिली तर बदलू. त्यांना ठाऊक होतं काय होणार ते. मलाही थोडं ठाऊक होतं.

मधल्या बाजारांना मी जात राहिले. एका बाजाराला मी नाल्याकडे वळले तर ‘मेंबर आली’ ही आरोळी झाली नाही. बायांनी पोतं टाकलं नाही. कुणी तरी, बहुतेक पंचायतीच्या शिपायानंच, सांगून टाकलं होतं. माय चवळीच्या शेंगा निवडत होती. मला पाहून तिनं नेहमीसारखं हसू आणायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यात राहिला. मी शेजारी टेकले. मग शेंगांकडेच पाहत तिनं विचारलं, ‘अनुमोदन म्हंजे काय असते?’

मी तिला सांगितलं. एखाद्यानं काही मांडलं की दुसऱ्यानं म्हणायचं, हे मलाही पटलं. तेवढंच असतं.

‘मंग तुले पटलं?’

मी म्हटलं, नाही गं माय, मी ऐकलंच नव्हतं. हे बोलून झाल्यावर मला कळलं की हे त्याहून वाईट आहे. पटलं असतं तर निदान माझं काही मत तरी असतं. एक गिऱ्हाईक आलं, मायनं त्याला शेंगा दिल्या. मग माझ्याकडे वळून, त्या गिऱ्हाइकाला विचारलं होतं त्याच आवाजात, तिनं विचारलं, ‘काय देऊ?’ तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्याकडे मायच्या शिव्यांनी कुणाचं काही बिघडत नाही, उलट त्या अंगाला लागतात.

ग्रामसभा दोन ऑक्टोबरची. एरवी आमच्या ग्रामसभेला माणसं जमवायला भोंगा फिरवावा लागतो, कोरम भरत नाही म्हणून सभा तहकूब होते. पण त्या दिवशी घरकुलाची यादी वाचणार होते, म्हणून शाळेच्या पटांगणातला मंडप भरून गेला. एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष, समोर टेबल, टेबलावर हार घातलेला फोटो. आणि मंडपाच्या बाहेर, दोरीच्या पलीकडं, बाहेरगावच्या भाजीवाल्या येऊन बसल्या होत्या. दिवस बाजाराचा नव्हता. त्या मुद्दाम आल्या होत्या. रिकाम्या टोपल्या घेऊनच आल्या होत्या, हात मोकळे ठेवायची त्यांना सवय नाही. त्यांत माझी माय होती. मी तिला ये म्हटलं नव्हतं. ती आलीय याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण मला वाटलं, आता हिच्या देखत होणार सगळं.

चार विषय झाले. ग्रामसेवकांनी विचारलं, ऐनवेळचे विषय? मी उभी राहिले. आजवर मी त्या सभांमध्ये एकच वाक्य बोलले होते, त्यामुळे दुसरं वाक्य तोंडातून निघायला त्रास झाला. तरी म्हटलं. बाहेरगावच्या भाजीवाल्यांना नाल्याकडे हलवण्याचा ठराव रद्द करावा, निंबाखालची जागा त्यांना परत द्यावी, असं मी मांडते. आणि पुढं हेही म्हटलं की त्या ठरावाला अनुमोदन माझं होतं, ती माझी चूक झाली, मी ऐकत नव्हते. हे म्हणताना मी कुणाकडे पाहिलं नाही. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी हळूच म्हणालं, अनुमोदनताई आज सूचक झाल्या बे. हसू फुटलं.

ग्रामसेवक चांगला माणूस आहे, त्यांनी ते हसू वाढू दिलं नाही. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, ‘सूचक ताई. अनुमोदक?’

आधी मी माझ्या ओळीकडे पाहिलं. शिवणकाम करणारी, मोरपंखी साडीवाली माझी मैत्रीण खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत होती. बाकीच्या तिच्याकडे पाहत होत्या. मग मी मंडपाकडे पाहिलं. तिथला कुणीही मतदार हात वर करू शकला असता. पण घरकुलाच्या यादीत ज्याचं नाव येऊ शकतं तो माणूस यादी वाचायच्या आधी सरपंचाच्या विरुद्ध हात वर करत नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही गप्पच बसले असते, माझा लौकिकच तो आहे. गावातल्या भाजीवाल्यांना गाळ्यांपुढं ओटे देऊ असं सांगून ठेवलं होतं, त्या जमिनीवर रेघा ओढत बसल्या. शेवटी मी पुरुषांमध्ये बसलेल्या आमच्या यांच्याकडे पाहिलं. बाकी कुणी नसलं तरी हे आहेत, असं मला वाटलं होतं. हे मोबाईलमध्ये काहीतरी वाचत होते. मान वर झाली नाही.

इतक्या वर्षांत इतक्या जणांना मी अनुमोदन दिलं, आणि मला एक माणूस मिळेना. ग्रामसेवकांनी पुन्हा विचारलं, कुणाचं अनुमोदन?

‘माह्यं हाये.’

आवाज मंडपाच्या बाहेरून आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. माय दोरीच्या पलीकडं उभी होती, टोपली कमरेवर, एक हात वर. सभेत हात कसा वर करतात ते तिनं आत्ताच, आधीच्या चार विषयांना पाहून शिकून घेतलं असावं. ती पुन्हा म्हणाली, ‘माह्यं अनुमोदन हाये.’

ग्रामसेवक गोंधळले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘मावशी, तुमचं मतदान इथं नाही. तुम्हाला देता येत नाही अनुमोदन.’ मंडपात मोठा हशा पिकला. कुणी वाईट बुद्धीनं हसत नव्हतं. बाजारकरी म्हातारी ग्रामसभेत हात वर करते, हे लोकांना गमतीचं वाटलं, इतकंच. पण सगळे हसायला लागले तेव्हा माझेही ओठ हलले. मीही हसले. मुद्दाम नाही, इतरांचं झालं की आपलंही होऊन जातं तसं. इतक्या वर्षांची सवय. आणि माझ्या तोंडावर ते हसू असतानाच मायची आणि माझी नजरानजर झाली.

तिनं हात खाली घेतला नाही. माझ्याकडे पाहतच ती म्हणाली, ‘मतदान नसन माह्यं. पन मी पुरं ऐकलं. अन् मले पटलं.’

मग ती खाली बसली. अनुमोदक नाही म्हणून विषय पुढं गेला. घरकुलाची यादी वाचायला सुरुवात झाली आणि लोक सरसावून बसले. मी खुर्चीवर बसले आणि सभा संपेपर्यंत माझ्या तोंडावरचं ते हसू कुठं गेलं ते शोधत राहिले. ते परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं. संपल्यावर मी दोरीकडे धावले, तोवर बाया काळीपिवळीच्या नाक्याकडे निघून गेल्या होत्या.

गाळे आता जोत्यापर्यंत आले आहेत. निंब तोडला नाही, पत्र्यांच्या आत आहे. रोडच्या तोंडावरचा एक गाळा आपला व्हावा म्हणून हे अजून खेटे घालतात आणि माझ्याशी त्या विषयावर बोलत नाहीत. मासिक सभेत ग्रामसेवक आता ‘ताई, अनुमोदन?’ म्हणून माझ्याकडे बघत नाहीत, शेजारच्या मोरपंखीकडे बघतात. तिनं ते काम छान उचललं आहे. मी प्रत्येक विषय कान देऊन ऐकते, पण मला आता कुणी विचारत नाही.

माय नाल्याकडेच बसते. निम्मी टोपली परत नेते, आणि भाऊ म्हणायला लागला आहे की हा हिवाळा काढ आणि बस कर. तिनं त्याला अजून हो म्हटलेलं नाही. मी दर बाजाराला जाते, भर गर्दीत जाते, तिच्या शेजारी नाल्याच्या वासात खाली बसते. ती मला विचारते, काय देऊ. मी म्हणते, मेथी दे. ती मेथी पिशवीत घालते, आणि वरून न मागता मूठभर कोथिंबीर टाकते. तेवढं तिनं थांबवलं नाही. मी नको म्हणत नाही. पिशवी उचलते, आणि बाजार ओलांडून रोडला लागेपर्यंत माझी मान काही वर होत नाही.